सादळणे आणि आंबणे : घरातील जुन्या चित्रफितींची निगा

प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना माहितीपर लेखनाचे स्वरूप आपण पाहिले आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रकारचा एक प्रत्यक्ष विषय विवेचनासाठी घेतला आहे. घराच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी किंवा एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून राहिलेली जुन्या चलच्चित्रांची रिळे कशी ओळखावीत, घरच्या घरी किती व कशी स्वच्छ करावीत आणि पुढे कशी ठेवावीत, हा तो विषय होय. तो भाषेच्या विद्यार्थ्यासमोर का ठेवावा, असा प्रश्न तुम्हांला पडेल. विषय वरवर तांत्रिक दिसतो. पण या रिळांचे जे बिघडते त्याचे नेमके वर्णन करणारी दोन क्रियापदे आपल्या स्वयंपाकघरात आयती आहेत, आणि रिळे जगूनही त्यांतला अर्थ मरतो तो बहुधा डबीवरच्या अपुऱ्या मराठी वाक्यामुळे. या दोन्ही गोष्टी क्रमाने येतील.

आरंभी एक ऐतिहासिक संदर्भ ध्यानात घ्यावा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिजला रँग्लर होऊन र. पुं. परांजपे १९०१ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावेदादांनी केले. भारतीय माणसाने हाती कॅमेरा घेऊन केलेल्या चित्रणाचा इतिहास येथून सुरू होतो. स्वतःच्या पैशाने यंत्र विकत घेऊन एका छायाचित्रकाराने केलेला हा उद्योग होता. या फिती आज उपलब्ध नाहीत. आपल्यापाशी उरली आहेत ती त्यांच्याविषयीची वाक्ये. याउलट दादासाहेब फाळके यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चे भाग आज आपण पाहू शकतो, याचे श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांना जाते. हे संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून हे तुकडे मिळवले. संग्रहालयातल्या फितींचाही पूर्वेतिहास असा पुष्कळदा कोणाच्या तरी घरातल्या ट्रंकेपर्यंत जाऊन पोहोचतो.

विवेचनासाठी आपण पाचगणी हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. हौशी माणसाला झेपेल अशी १६ मिलिमीटर रुंदीची फिल्म १९२३ मध्ये, ८ मिलिमीटरची १९३२ मध्ये आणि सुपर-८ ही १९६५ मध्ये बाजारात आली. घरगुती कॅमेरा ही त्या काळी सुखवस्तू कुटुंबांची आणि संस्थांची चैन होती. पाचगणीत दोन्ही होते. उन्हाळ्यात मुंबईहून येणाऱ्या कुटुंबांचे बंगले होते, बिलिमोरिया (१९०८) आणि संजीवन (१९२२) यांसारख्या निवासी शाळा होत्या, १९१२ पासूनचे बेल-एअर हे क्षयरुग्णांचे आरोग्यधाम होते. क्रीडादिन, टेबललँडवरची घोडेस्वारी, निरोपाचे समारंभ यांची रिळे अशा गावात निघावीत यात नवल नाही. आणि ती टिकायला कठीण असे हवामानही याच गावाचे आहे.

१. रीळ ओळखणे

हाती आलेले रीळ आधी ओळखावे. ते प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि बहुतेक रिळांचा घात त्या पहिल्या पाच मिनिटांतच होतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेली फिल्म आक्रसलेली असते. यंत्राचे दाते तिच्या कडेची भोके फाडत जातात. तेव्हा ओळख पटेपर्यंत प्रोजेक्टर कपाटातच राहू द्यावा.

पट्टीची रुंदी साध्या पट्टीने मोजता येते. ३५ मिलिमीटर ही चित्रपटगृहातली फिल्म. १६ मिलिमीटरला एका किंवा दोन्ही कडांना भोके असतात. ९.५ मिलिमीटरची एक जुनी फ्रेंच जात आहे, तिची भोके दोन चौकटींच्या मध्ये, पट्टीच्या ऐन मध्यावर असतात. ८ मिलिमीटरचे दोन प्रकार एकसारखे दिसतात. पण साध्या ८ मिलिमीटरचे भोक मोठे असून दोन चौकटींच्या सीमारेषेवर येते, तर सुपर-८ चे भोक बारीक असून चौकटीच्या मध्यासमोर येते आणि तिची चौकटही मोठी असते. घरगुती रिळे बहुधा ५० फुटांची असतात. साध्या ८ मिलिमीटरमध्ये एवढ्या लांबीत सुमारे चार मिनिटे मावतात, सुपर-८ मध्ये तीन मिनिटे वीस सेकंद. एक अख्खे लग्न चार मिनिटांत उरकलेले दिसले तर चित्रण करणाऱ्याला घाई होती असे समजू नये. फिल्म महाग होती.

यानंतर पट्टी कशाची बनलेली आहे ते पाहावे. चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर एका बाजूला असतो, ती बाजू मंद दिसते. चकचकीत बाजू ही आधारपट्टीची. १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ३५ मिलिमीटरची आधारपट्टी नायट्रेटची असे. हा पदार्थ अतिशय ज्वालाग्राही असून एकदा पेटला की विझवता येत नाही, कारण जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तो स्वतःच पुरवतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठीला लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला, हे अनेकांना आठवत असेल. घरात १९५५ पूर्वीची ३५ मिलिमीटरची फिल्म निघाली तर तिच्यावर कोणताही प्रयोग करू नये. तुकडा जाळून पाहण्याची जुनी चाचणी तर मुळीच करू नये. रीळ थंड, मोकळ्या जागी, चुलीपासून व विजेच्या उपकरणांपासून दूर ठेवून संग्रहालयाशी संपर्क साधावा.

हौशी चित्रणाच्या १६ आणि ८ मिलिमीटरच्या फिल्मबाबत ही भीती बाळगण्याचे कारण नाही. त्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या असतात आणि कडेला पुष्कळदा ‘सेफ्टी’ असे इंग्रजीत छापलेले आढळते. काही उत्तरकालीन फिल्म पॉलिस्टरच्या आहेत. गुंडाळलेले रीळ दिव्यासमोर आडवे धरून त्याच्या कडेच्या बाजूने पाहावे. पॉलिस्टरच्या रिळातून उजेड आरपार येतो, अ‍ॅसिटेटच्या रिळातून येत नाही. पॉलिस्टर असेल तर आधारपट्टीची काळजी मिटली. अ‍ॅसिटेट असेल, आणि पाचगणीच्या जुन्या बंगल्यात ते असणारच, तर पुढचा भाग सावकाश वाचावा.

२. सादळणे आणि आंबणे

उघडा राहिलेला पापड सादळतो. चुरमुरे सादळतात, पावसाळ्यात काडेपेटी सादळते. हवेतली ओल वस्तूत शिरते, वस्तू आपला कुरकुरीतपणा किंवा कोरडेपणा गमावते. पण ती वस्तू अजून तीच असते. पापड विस्तवावर धरला की पुन्हा कुरकुरीत होतो. आंबणे ही निराळी क्रिया आहे. पीठ आंबते, भात आंबतो. येथे पदार्थाचे रूपच पालटते आणि उलट फिरता येत नाही. आंबलेल्या भाताचा पुन्हा ताजा भात होत नाही. संस्कृतातील ‘अम्ल’पासून प्राकृतमार्गे ‘आंब-’ हे रूप आपल्याकडे आले, आणि ‘आंबट’ व ‘आंबणे’ ही त्याचीच लेकरे. (चालून चालून पाय आंबतात, अंग आंबून येते, हा अर्थविस्तार मराठीने नंतर केला. त्याचा शोध घेणे हा एक स्वतंत्र आणि रम्य उद्योग आहे.)

अ‍ॅसिटेट फिल्मच्या बाबतीत या दोन्ही क्रिया याच क्रमाने घडतात. दमट हवेत जिलेटिन आणि आधारपट्टी पाणी शोषून घेतात. ही सादळण्याची अवस्था. या अवस्थेत पट्टी मऊ होते, वेढे एकमेकांना चिकटू पाहतात, जिलेटिनवर बुरशी धरू लागते. कोरड्या हवेत ठेवले तर पाणी निघून जाते आणि फारसे नुकसान न होता फिल्म सावरते. मात्र पाणी आत राहिले आणि जोडीला उष्णता असली, तर ते अ‍ॅसिटेटच्या रेणूवरच काम करू लागते. रेणूचे तुकडे पडतात आणि अ‍ॅसेटिक आम्ल सुटे होते. हेच आम्ल आपण शिरक्यात वापरतो. डबी उघडताच नाकाला झोंबणारा आंबूस वास येतो तो याचाच. जगभर या रोगाला शिरक्याच्याच नावाने ओळखतात.

यातली खरी धास्तीची बाब पुढे आहे. सुटलेले आम्ल पुढच्या विघटनाला चालना देते. जितके आंबते तितके अधिक वेगाने आंबते. विरजणाचा चमचा दुधात पडल्यावर जे होते तेच येथे घडते. फरक इतकाच की हे विरजण फिल्म स्वतःच तयार करते. पट्टी आक्रसते, ठिसूळ होते, कडा लाटांसारख्या वळतात; शेवटी जिलेटिनचा थर आधारपट्टीपासून सुटून चित्रासकट पापुद्र्यांनी निघतो. आंबलेली फिल्म गोड करण्याचा कोणताही उपाय आजवर उपलब्ध नाही. धुऊन, पुसून, उन्हात घालून ती पूर्ववत होत नाही. थंडीने वेग तेवढा रोखता येतो.

अमेरिकेतील इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूट या संस्थेने या वेगाचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. तिच्या कोष्टकानुसार ताजी अ‍ॅसिटेट फिल्म २१ अंश सेल्सिअस तापमानात आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवली, तर आंबण्याची सुरुवात व्हायला सुमारे ४० वर्षे लागतात. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले तर हा काळ जवळपास दुप्पट होतो. आर्द्रता वाढली तर तो झपाट्याने घटतो. आता पाचगणीचा विचार करा. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीमुळे गाव थंड आहे, हे फिल्मच्या पथ्यावर पडणारे. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पाचगणी तेथून जेमतेम १९ किलोमीटरवर आहे. येथला पाऊस त्या मानाने पुष्कळ कमी असला, तरी जून ते सप्टेंबर ढग घरात शिरतात, भिंती घामेजतात, चामड्याच्या चपलेवर आठवड्यात बुरा चढतो. म्हणजे फिल्मच्या दोन शत्रूंपैकी उष्णता येथे दुबळी आहे आणि ओल प्रबळ. पसरणीचा घाट उतरून वाईला गेलात तर गणित उलटे होते. तेथे पाऊस कमी, पण उन्हाळा कडक. पुण्यामुंबईचे एखादे पुस्तक वाचून सरसकट उपाय योजू नयेत. आपल्या घराला कोणता शत्रू आहे ते आधी ओळखावे. दोन-चारशे रुपयांना मिळणारा आर्द्रतामापक कपाटात ठेवून वर्षभर त्याची नोंद केली तर हे आपोआप कळते.

आंबणे कितपत पुढे गेले आहे हे नाकाने अजमावता येते, पण नाक लवकर सरावते आणि तो वास छातीत भरून घेणे आरोग्याला बरे नाही. त्यासाठी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. निळी पट्टी डबीत ठेवली की आम्लाच्या प्रमाणानुसार ती हिरवी आणि मग पिवळी होत जाते. दुसरी चाचणी मोजपट्टीची. शंभर चौकटी मोजून, पट्टी न ताणता, त्यांची लांबी घ्यावी. १६ मिलिमीटरची असेल तर ती ७६२ मिलिमीटर भरली पाहिजे, साध्या ८ मिलिमीटरची ३८१, सुपर-८ ची ४२३. एक टक्क्याहून अधिक घट आढळली, म्हणजे १६ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये लांबी ७५४ च्या खाली गेली, तर ती फिल्म प्रोजेक्टरच्या दात्यांवर घालण्याचा विचार सोडून द्यावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

पुढील मजकूर वाचण्यापूर्वी उत्तरे आपल्या वहीत लिहा. (अ) तुमच्या बोलीत ओल धरणे, बुरसणे, आंबणे, नासणे, कुजणे यांसाठी कोणते शब्द आहेत? त्यांपैकी कोणत्या क्रिया उलट फिरवता येतात आणि कोणत्या येत नाहीत? (आ) ‘फिल्म खराब झाली’ या वाक्यात ‘खराब’ हा शब्द नेमके काय सांगतो व काय लपवतो?

३. स्वच्छता

घरी करण्याजोगी स्वच्छता थोडीच आहे, आणि ती थोडीच असावी. आपल्या घरांत उन्हाळ्याच्या ज्या दिवसांत पापड-कुरडयांचे वाळवण घालतात, म्हणजे होळीनंतर मृगाच्या आधी, तेच दिवस या कामाला योग्य होत. हवा कोरडी असते आणि डबी उघडी राहिली तरी ओल आत जात नाही. फिल्म मात्र वाळवणासारखी उन्हात घालू नये. उन्हाने रंग उडतात आणि पट्टी वाकडी होते. सावलीतली, पंख्याच्या थेट झोतात नसलेली, धूळ पुसून घेतलेली खोली निवडावी. हातात सुती किंवा पातळ रबरी मोजे घालावेत आणि फिल्म नेहमी कडांनी धरावी. बोटाचा ठसा म्हणजे तेल व आम्ल. तो जिलेटिनवर कायमचा उमटतो.

डबी उघडल्यावर रबरबँड, गंजलेल्या टाचण्या, वर्तमानपत्राचे तुकडे, डांबराच्या गोळ्या असे जे काही आत असेल ते काढून टाकावे. मात्र त्या कागदावर किंवा डबीवर काही लिहिलेले असेल तर आधी त्याचे छायाचित्र घ्यावे. रीळ घट्ट करण्यासाठी फिल्मचे टोक ओढू नये. वेढ्यांमध्ये अडकलेली धूळ त्या ओढीने सरपटते आणि चित्रावर लांबच लांब ओरखडे उमटतात. जुन्या फिल्ममध्ये दिसणारा ‘पाऊस’ पुष्कळदा असाच घरचा असतो.

मग दोन हातरहाटांच्या मध्ये फिल्म एका रिळावरून दुसऱ्यावर अगदी सावकाश न्यावी आणि मध्ये, धागे न सोडणाऱ्या मऊ मखमली किंवा सुती कापडाची घडी करून, तिच्यातून पट्टी हलक्या हाताने सरकू द्यावी. दाब इतकाच की कापड पट्टीला टेकलेले असावे. दर काही फुटांनी कापडाची जागा बदलावी, नाहीतर आधी टिपलेली धूळच पुढच्या चित्रांवर घासली जाते. फाटलेली भोके किंवा सुटलेला जोड हाताला लागला की थांबावे. घरातली साधी चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक पाझरतो; फिल्मसाठीचीच जोडपट्टी वापरावी. पन्नास फुटांच्या रिळाला अर्धा तास लागला तर तो वेळ सत्कारणी लागला असे समजावे.

पाणी लावण्याचा विचार मनात आला तर तो तेथेच सोडावा. जिलेटिन हे हाडे-कातड्यांपासून काढलेले प्रथिन असून पाण्याने फुगते. बुरशी लागलेल्या रिळावर तर ओले फडके हे संकटच होय. बुरशी जिलेटिनवरच जगते, आणि तिने पचवलेले जिलेटिन पाण्यात विरघळणारे झालेले असते. अशा पट्टीवरून ओले फडके फिरवले की बुरशीबरोबर चित्रही पुसले जाते. बुरशीचे रीळ प्रथम कोरड्या हवेत आठवडाभर राहू द्यावे. बुरशी वाळून भुकटी झाली की नाकातोंडाला पट्टी बांधून, घराबाहेर, मऊ कुंचल्याने ती कडांवरून झटकावी. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन, हात धुण्याचे सॅनिटायझर यांपैकी काहीही वापरू नये. सॅनिटायझरमध्ये पाणी असते आणि इतरांत कमी-अधिक तेलकट अंश. जवळपास शुद्ध, म्हणजे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन हट्टी डाग काढणारे लोक आहेत. पण ते ज्वालाग्राही आहे, ध्वनीसाठी कडेला चुंबकीय पट्टी असलेल्या फिल्मवर ते लावू नये, आणि ते पूर्ण उडून गेल्याशिवाय फिल्म गुंडाळू नये. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी कोरड्या कापडावरच थांबावे. फिल्मवरची धूळ वर्षभर आणखी राहिली तर काही बिघडत नाही.

४. ठेवण

स्वच्छ झालेली फिल्म फार घट्ट नाही आणि फार सैल नाही अशी गुंडाळून पॉलिप्रॉपिलीनच्या डबीत आडवी ठेवावी. डबीच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो, त्यावरून हे प्लॅस्टिक ओळखता येते. गंजलेले पत्र्याचे डबे बाद करावेत. आंबूस वासाचे रीळ इतरांपासून तत्काळ वेगळे काढावे. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, हे येथे शब्दशः खरे आहे. एका रिळातून निघालेली आम्लाची वाफ शेजारचे निरोगी रीळ शोषून घेते. अशा रिळाची डबी हवाबंद करू नये. वाफ कोंडली की आंबणे वाढते. डबीला वारा खेळेल अशी फट असावी.

जागा कोणती? पत्र्याखालचा माळा नको, तो दुपारी तापतो. तळमजल्यावरची जमीन आणि पावसाच्या तोंडची पश्चिमेची भिंत नको. घराच्या मध्यभागच्या खोलीतले, भिंतीपासून चार बोटे पुढे ओढलेले, मधला खण रिकामा असलेले कपाट उत्तम. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवण्याचे ध्येय असावे. पावसाळ्यात त्यासाठी सिलिका जेलच्या पिशव्या लागतील; त्या ओल्या झाल्या की रंग पालटतात आणि गरम करून पुन्हा वापरता येतात.

ज्या रिळाला आंबण्याची लागण झालेली आहे, त्याला मात्र शीतकपाटाशिवाय तरणोपाय नाही. डबी दोन हवाबंद पिशव्यांत, एकात एक अशी घालून, आर्द्रता दाखवणारा कागद आत ठेवून शीतकपाटात ठेवावी. ‘हवाबंद करू नये’ असे वर म्हटले आणि येथे उलट सांगितले, असे तुम्हांला वाटेल. थंडीने आम्ल सुटण्याचा वेग इतका मंदावतो की पिशवीत कोंडल्याचा तोटा त्यापुढे किरकोळ ठरतो. आणि शीतकपाटातली ओल बाहेर ठेवणे हे त्याहून महत्त्वाचे असते. एक पथ्य कटाक्षाने पाळावे. पिशवी कोरड्या दिवसांतच बंद करावी. भर आषाढात बंद केली तर पाचगणीचा पाऊसच आत कोंडला जातो. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर थंड फिल्मवर दव धरते.

संगणकीय प्रत जरूर करून घ्यावी, दात्यांवाचून फिल्म सरकवणाऱ्या स्कॅनरवर करून घ्यावी, दोन ठिकाणी ठेवावी. प्रत झाली म्हणून मूळ रीळ टाकून देऊ नये. आणखी वीस वर्षांनी अधिक चांगली प्रत त्या रिळावरूनच निघेल. मोठा संग्रह असेल, शाळेचा किंवा आरोग्यधामाचा, तर पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईची, २०१४ मध्ये स्थापन झालेली फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था यांच्याकडे विचारणा करावी.

५. डबीवरची नोंद

येथवरचे सगळे विवेचन रसायनाचे झाले. आता आपल्या विषयाकडे येऊ.

आमच्या संपर्कसत्राला पाचगणीकडच्या एका विद्यार्थिनीने सासरच्या घरातली सुपर-८ ची एक डबी आणली होती. डबीवर शाईने लिहिले होते : ‘बाबा टेबललँड मे’. तीन शब्द, एकालाही विभक्ती नाही. घरात सर्वांची समजूत अशी की रिळात आजेसासरे आहेत, आणि त्यांचे हालते चित्र दुसरे नसल्यामुळे डबीला देवघराशेजारी जागा मिळालेली होती. प्रत काढल्यावर रिळात पुरुष एकही निघाला नाही. घोडे होते, सिल्व्हर ओकची रांग होती आणि एक बाई होत्या. ‘बाबा’ हे चित्रणाचे कर्म नव्हते, कर्ता होते. ‘बाबांनी’ असे लिहिले असते, एक अनुस्वार आणि एक अक्षर अधिक, तर तीस वर्षांचा गैरसमज टळला असता. मराठीत नामाला प्रत्यय लागला नाही की त्याचे वाक्यातले नाते तुटते. वाक्यच नसेल तर ते नाते जुळवायला काहीच उरत नाही.

त्या बाई कोण, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती हयात होती, ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई. त्यांनी पडद्यावर पाहताच चालीवरून ओळखले : त्यांची थोरली वहिनी, जी पुढच्याच वर्षी वारली. वहिनी कॅमेऱ्याकडे वळून हसतात आणि काहीतरी बोलतात. रीळ मूक आहे. आत्याबाई म्हणाल्या, “ती ‘पुरे’ म्हणतेय. फोटो काढायला लागलं की पुरे म्हणायची.” भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मी ते तीन सेकंद पुन्हापुन्हा पाहिले. शब्दाच्या आरंभी ओठ मिटतात हे निश्चित. पण प, ब आणि म या तिन्ही वर्णांना ओठ सारखेच मिटतात; डोळ्यांना त्यांच्यात भेद करता येत नाही. तो शब्द ‘पुरे’ असेल, ‘बरं’ असेल, नुसते ‘बास’ असेल. चित्रातून एवढेच सिद्ध होते. त्यापलीकडचे आत्याबाईंचे आहे, आणि त्यांची साक्ष माझ्या निरीक्षणाहून कमी मोलाची नाही, फक्त निराळ्या जातीची आहे.

म्हणून नोंद लिहिताना तीन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नये. जे दिसते ते सरळ वर्तमानकाळात लिहावे : ‘नऊवारी नेसलेल्या एक बाई कॅमेऱ्याकडे वळून बोलतात.’ जे कोणी सांगितले ते सांगणाऱ्याच्या नावानिशी, ‘असे अमुक सांगतात’ या रूपात लिहावे. जो आपला तर्क आहे तो ‘असावे’ या विध्यर्थी रूपात लिहावा आणि तर्काचा आधार द्यावा. ‘आहे’, ‘म्हणतात’ आणि ‘असावे’ या तीन रूपांनी मराठीने ही सोय करून ठेवली आहे. आपण ती वापरत नाही, इतकेच.

काळ ठरवण्याच्या तर्काचा एक नमुना देतो. फिल्मच्या कडेला उत्पादकाने वर्षाची खूण छापलेली असते. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, पण त्या दर वीस वर्षांनी पुन्हा येतात. १९४२ ची खूण आणि १९६२ ची खूण एकच. शिवाय ती खूण फिल्म कारखान्यात बनल्याचे वर्ष सांगते, चित्रणाचे नव्हे. अशा वेळी चित्रच मदतीला येते. समजा, सिडनी पॉइंटवरून कृष्णेच्या खोऱ्याचे चित्रण आहे. खाली शेतांमधून नुसती नदी वाहताना दिसली तर ते धोम धरणापूर्वीचे; विस्तीर्ण जलाशय दिसला तर १९७० च्या दशकात बांधलेल्या त्या धरणात पाणी अडल्यानंतरचे. नोंदीत मग ‘१९६२’ असा छातीठोक आकडा न लिहिता लिहावे : ‘कडेवरील खूण १९४२ किंवा १९६२ ची. फिल्म रंगीत असून खोऱ्यात जलाशय दिसत नाही. चित्रण १९६२ नंतरचे, परंतु धरणापूर्वीचे असावे.’ वाक्य लांबले तरी चालेल.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरात, नात्यात किंवा गावातल्या शाळेत चलच्चित्राचे जुने रीळ आहे का, याची चौकशी करा. नसेल तर जुन्या छायाचित्रांचा एखादा संग्रह घ्या. रीळ मिळाल्यास ते प्रोजेक्टरवर न चढवता त्याची रुंदी, भोकांची जागा, कडेवरील मजकूर व वास यांची नोंद करा. त्यातील माणसांना ओळखू शकेल अशी घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती कोण, ते ठरवा आणि शक्य तो या पावसाळ्यापूर्वी तिची भेट घ्या. तिच्या बोलीतले शब्द प्रमाणभाषेत न बदलता जसेच्या तसे उतरवून घ्या. भ्रमणध्वनीवर तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केल्यास उत्तम. या सर्वांवरून सुमारे दोनशे शब्दांची नोंद पूर्ण वाक्यांत लिहा. नोंदीखाली तारीख, सांगणाऱ्याचे नाव आणि लिहिणाऱ्याचे नाव असावे. नोंदीचा कागद डबीच्या आत घालू नका. त्यावर जो क्रमांक द्याल तोच डबीवर पेन्सिलीने लिहा आणि कागद वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.